एका फिकट डागाची ओळख

सर्पिल दीर्घिका छोट्या दुर्बिणीतून कशी दिसते, ते आधीच सांगून टाकतो: करड्या रंगाचा, कडा विरत गेलेला एक डाग. रंग नाही. फोटोत गरगर फिरताना दिसतात तशा भुजा नाहीत. हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींची छायाचित्रे मोबाइलवर पाहून आलेला माणूस पहिल्यांदा भिंगाला डोळा लावतो तेव्हा हिरमुसतो, आणि ‘वा, काय सुंदर!’ म्हणालाच तर ते दुर्बीणवाल्याचे मन राखायला. एरंडोलच्या बाहेर एका मळ्यात दुर्बीण लावली होती तेव्हा गव्हाला रात्रीचे पाणी भरायला आलेल्या एका दादांनी मात्र अशी काही भीड ठेवली नाही. “काय दखी ऱ्हायना भो?” म्हणत जवळ आले, कपाळावरची बॅटरी बंद करून डोळा लावला आणि सांगून मोकळे झाले, “आठे त काहीच नही.” मोटार बघून, बारे फोडून ते परत आले, पुन्हा वाकले आणि या वेळी तो डाग त्यांनी स्वतःच शोधून काढला. पहिल्यांदा काहीच न दिसणे आणि दुसऱ्यांदा दिसणे, यांच्यामध्ये नेमके काय बदलते, हे या पुस्तिकेत सांगायचे आहे. कोणती दीर्घिका कुठे सापडते ही माहिती त्यानंतर.

दुर्बीण तीच होती, आकाश तेच होते. बदलला तो डोळा. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडपेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. दीर्घिका करडी दिसते ती म्हणूनच. उजेडातून अंधारात आलो की बाहुली लगेच मोठी होते. दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य पुन्हा भरून यायला मात्र 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि ट्रकच्या दिव्याचा एक झोत किंवा मोबाइलवर आलेला एक ‘शुभ रात्री’ ती सगळी कमाई घालवून बसतो. नकाशा बघायला बॅटरी हवीच असेल तर तिच्या काचेवर लाल पतंगी कागद दुहेरी बांधावा. लाल उजेडाने दंडपेशी फारशा विचलित होत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. आपण ज्या बिंदूकडे थेट पाहतो, त्याची प्रतिमा पडद्याच्या ज्या जागी पडते तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच. तेव्हा अंधुक वस्तूकडे सरळ बघितले की ती नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र वस्तूवर ठेवायचे. हे बोलायला सोपे आहे. जन्मभर डोळा आणि लक्ष एकत्र नांदलेले असतात, त्यांना वेगळे करायला काही रात्री जातात. उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्यावी, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहते. उलट केले तर प्रतिमा अंधबिंदूवर पडून होती तीही जाईल. आणि नळीला बोटाने हलकेच टिचकी मारावी. स्थिर अंधुक डागापेक्षा हलणारा अंधुक डाग डोळ्याला पटकन कळतो. रानात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको; बांधावर काही हलले की आपण वळतो, नुसते बसून असेल तर ते शेजारून निघून गेले तरी समजत नाही.

आता दुर्बिणीविषयी. दुकानातल्या खोक्यावर ‘675 पट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ते वाचून दुर्बीण घेऊ नये. ताऱ्याचे सोडा, पण दीर्घिका ही पसरट वस्तू आहे. पट वाढवले की तिचा प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि ती अधिकच फिकी होते. कोणत्याही दुर्बिणीतून पसरट वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याने दिसतो त्याहून उजळ दिसूच शकत नाही, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे आणि पैशाने तो वाकत नाही. मोठा आरसा एवढेच करतो, की तोच फिकेपणा ठेवून वस्तू मोठी दाखवतो, आणि मोठी अंधुक वस्तू डोळ्याला लहान अंधुक वस्तूपेक्षा सोपी जाते. या पुस्तिकेतली वर्णने 8 इंची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या डॉब्सोनियन दुर्बिणीची आहेत. 25 मिलिमीटरच्या भिंगाने तिच्यातून 48 पट मिळतात आणि बहुतेक काम त्यावरच भागते. 6 इंची असली तरी निभते. ज्याला हौस आणि चिकाटी दोन्ही आहेत त्याने आरसा स्वतः घासावा. पुण्यात ‘आयुका’ने अशा कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि कार्बोरंडमच्या पुडीने दोन काचा एकमेकींवर घासत बसल्यावर दुर्बिणीविषयी जे कळते ते विकतच्या नळीतून कळत नाही.

पण आरशाआधी जागा. एरंडोलच्या पूर्वेला जळगावचा उजेड क्षितिजावर चढतो, महामार्ग रात्रभर जागा असतो, आणि अलीकडे गावोगाव हायमास्ट लागले आहेत. त्यामुळे गाव सोडून दक्षिणेला कासोद्याच्या किंवा पद्मालयाच्या बाजूला सरकावे. कुणाच्या तरी ओळखीचे शेत गाठावे आणि मालकाला आधी सांगून ठेवावे. हे शिष्टाचारासाठी नाही. दीर्घिका बघायच्या त्या चंद्र नसलेल्या रात्री, म्हणजे अमावास्येच्या आसपास, आणि अमावास्येला रानात काळी नळी घेऊन बसलेल्या माणसांविषयी गावात काय काय बोलले जाईल याची कल्पना करून बघा. एकदा शेतमालकाला शनीची कडी दाखवली की तो प्रश्न कायमचा मिटतो. थंडीत भिजलेल्या रानाजवळ दव फार पडते. भिंगावर बाष्प धरते, तेव्हा जादा भिंग स्वेटरच्या खिशात ठेवावे. उन्हाळ्यात अडचण वेगळी. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी वाफा टाकत असतो आणि त्या हलत्या हवेतून काहीच नीट दिसत नाही. गच्ची सोडा, मातीवर या.

खानदेशातून बघणाऱ्याला एक लाभ मात्र आयता मिळालेला आहे, आणि या पुस्तिकेची रचना त्यावरच केली आहे. एरंडोल 21 उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली येते. इतक्या दक्षिणेला असल्यामुळे उत्तरेकडच्या दीर्घिका तर चांगल्या उंचीवर येतातच, पण दक्षिणेकडच्या ज्या दीर्घिका युरोपातल्या लोकांना क्षितिजावरच्या धुरकटात शोधाव्या लागतात, त्याही आपल्याला मोकळ्या दिसतात. एम 83 ही दीर्घिका पॅरिसहून जेमतेम 11 अंश वर येते. ज्याच्या यादीतला हा क्रमांक आहे त्या शार्ल मेसिएला ती महाप्रयासाने दिसली. ती शोधली लाकाई या खगोलशास्त्रज्ञाने, 1752 मध्ये, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून. एरंडोलहून ती 39 अंशांवर येते. आणि गंमत अशी की ती मध्यमंडलावर येते त्याच्या सातेक मिनिटे आधी उत्तरेला एम 51 मध्यमंडल ओलांडते, 64 अंशांवर. मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास दुर्बीण उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरवली की दोन सर्पिल दीर्घिका पाठोपाठ बघता येतात. हिवाळ्यातही अशीच जोडी जमते: नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या आसपास उत्तरेला देवयानी दीर्घिका, आणि पाचच मिनिटांनी दक्षिणेला शिल्पकार मंडलातली एनजीसी 253, जी 1783 मध्ये कॅरोलाइन हर्शेलने शोधली. मधल्या पावसाळ्यात दुर्बीण झाकून ठेवावी आणि आरशाला बुरशी येणार नाही एवढे बघावे.

देवयानी सापडायला सर्वांत सोपी. भाद्रपदांचा मोठा चौकोन धरायचा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून निघालेल्या ताऱ्यांच्या रांगेत दुसऱ्या ठळक ताऱ्यापर्यंत जायचे, तिथून वायव्येला वळून दोन लहान तारे मोजायचे. दुसऱ्याच्या शेजारी ती आहे. चांगल्या अंधारात दुर्बिणीशिवायही दिसते. इराणी ज्योतिषी अल सूफीने 964 च्या ग्रंथात तिची ‘लहान ढग’ अशी नोंद केली आहे. मराठीत त्या भागातल्या मंडलांना देवयानी, शर्मिष्ठा, ययाति, वृषपर्वा अशी नावे आहेत, आणि एरंडोलच्या मुलांना ती पाठ करावी लागत नाहीत. एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी आणि पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुर मारला, हे ऐकतच ती मोठी झालेली असतात. ययाति हा त्याच पांडवांचा पूर्वज म्हटल्यावर आकाशातले ते कुटुंब त्यांना गावकीतलेच वाटते.

दुर्बिणीत मात्र देवयानी थोडी फसवते. ती आकाशात सुमारे 3 अंश लांब आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवावेत इतकी. 48 पटींच्या दृष्टिक्षेत्रात तिचा फक्त तेजस्वी गाभा मावतो, आणि लोक तेवढ्यालाच देवयानी समजतात. शिवाय ती आपल्याला तिरपी, जवळजवळ कडेवरून दिसते, त्यामुळे तिच्या भुजा एकीवर एक दाटलेल्या आहेत. साधी द्विनेत्री इथे जास्त कामाची. त्रिकोण मंडलातली एम 33 याच्या नेमकी उलट: बरीचशी समोरून दिसणारी, पण तिचा प्रकाश इतका पातळ पसरलेला की आकाश काळे नसेल तर दुर्बीण तिच्यावर रोखलेली असूनही दिसत नाही. त्यात ती आपल्याकडे डोक्यावरून जाते, आणि डॉब्सोनियन दुर्बीण नेमकी तिथेच वळायला हट्टी असते. मध्यमंडलावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर ती बघावी. तिच्या कडेला एक छोटा ठळकसर ठिपका दिसेल. तो एनजीसी 604, सुमारे 1500 प्रकाशवर्षे रुंदीचा वायूचा ढग, ज्यात तारे जन्माला येत आहेत. 25 लाखांहून अधिक प्रकाशवर्षे दूरच्या दुसऱ्या दीर्घिकेतला एक ढग आपल्या मळ्यातून वेगळा ओळखता येतो, हे मला देवयानीच्या गाभ्यापेक्षाही मोठे वाटते.

भुजा बघायच्याच असतील तर एम 51. सप्तर्षीला बाज म्हणणारी आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना चोर म्हणणारी म्हातारी माणसे अजून भेटतात. त्यांतला शेवटचा चोर, म्हणजे मरीची, धरायचा. तिथून साडेतीन अंशांवर श्यामशबल मंडलात ही दीर्घिका आहे. पहिल्या नजरेत दोन डाग, एक मोठा आणि एक लहान, जवळजवळ चिकटलेले. मेसिएने मोठा 1773 मध्ये पाहिला. धाकटा जोडीदार 1781 मध्ये मेशँच्या ध्यानात आला. मोठ्या डागाभोवती बराच वेळ तिरक्या नजरेने बघत राहिले, तर एका बाजूला अंधाराची एक खाच आणि तिच्या बाहेर वळलेला उजेडाचा पट्टा क्षणभर जाणवतो. क्षणभरच. मग जातो, मग पुन्हा येतो. तीनदा एकाच जागी आला तर तो आहे असे धरावे.

इथे इतिहास उपयोगी पडतो. जॉन हर्शेलने सुमारे 18 इंची आरशातून एम 51 पाहिली आणि तिच्याभोवती एक दुभंगलेले कडे काढले. तो कसलेला निरीक्षक होता, दुर्बीण चांगली होती, आणि तरीही त्याला कडेच दिसले. 1845 च्या वसंतात आयर्लंडमधल्या बर कॅसल येथे लॉर्ड रॉसने 72 इंची आरशाची अवाढव्य दुर्बीण तिच्यावर रोखली आणि ते कडे नसून वळत बाहेर जाणारी भुजा आहे हे त्याला दिसले. त्याने ते डोळ्याने बघून पेन्सिलीने काढले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला आणि दुर्बिणीचे काम थांबले. मात्र रॉसचे चित्र माहीत झाल्यावर लहान दुर्बिणीवाल्यांनाही भुजा दिसू लागल्या. यात फसवणूक किती आणि शिकवणूक किती, याचा निवाडा करणे अवघड आहे. माझा कौल शिकवणुकीकडे झुकतो, पण तो डोळे झाकून मान्य करू नये.

त्या सर्पिलांचे स्वरूप काय हे मात्र पुढची ऐंशी वर्षे कुणालाच ठरवता आले नाही. आपल्याच आकाशगंगेतले वायूचे भोवरे, की बाहेरची स्वतंत्र जगे? 1912 मध्ये स्लायफर या खगोलशास्त्रज्ञाने देवयानीचा वेग मोजला, तो निघाला सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर, आपल्या दिशेने. ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर देवयानीत एक रूपविकारी तारा सापडला आणि त्याने काचेवर शाईने ‘व्हार!’ असे लिहिले. हेन्रिएटा लेव्हिटने 1912 मध्ये अशा ताऱ्यांच्या लुकलुकण्याचा काळ आणि खरे तेज यांचा संबंध लावून ठेवला होता. त्यावरून अंतर निघाले. हबलचा आकडा 9 लाख प्रकाशवर्षांच्या घरातला होता. आज तो 25 लाख आहे.

आपल्याकडे काय चालले होते, हे विचारणारे वाचक भेटतात म्हणून थोडे सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शके 1128 चा, म्हणजे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. जळगाव जिल्ह्यात खगोलगणिताचे वर्ग आठशे वर्षांपूर्वी भरत होते, असे म्हणायला हरकत नाही. मात्र ते गणित ग्रहांचे आणि ग्रहणांचे होते, या डागांशी त्याचा संबंध जोडू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित काही वर्षे धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होते. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव आहे, आणि आकाशाविषयी मराठीत इतक्या मोकळेपणी त्यांच्याआधी फारसे कुणी लिहिले नव्हते. त्याच काळात, 1888 मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कावसजी नायगमवाला यांनी वेधशाळा उभारली. तिची 20 इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. हौशी लोकांची घडी बसली ती पुण्यातच, 1944 मध्ये, ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे.

भुजा का असतात, याचे उत्तर मिळायला 1964 उजाडले. तारे जर भुजेतच कायम राहून फिरत असते तर आतले भराभर आणि बाहेरचे सावकाश फिरून थोड्याच फेऱ्यांत सगळी गुंडाळी होऊन गेली असती. लिन आणि शू या संशोधकांनी दाखवले, की भुजा ही वस्तू नसून घनतेची लाट आहे. कापसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली महामार्गावर पुढे असली की मागे गाड्यांची दाटी होते. ती दाटी पारोळ्याहून एरंडोलकडे सरकत राहते, पण तिच्यातल्या गाड्या सतत बदलत असतात, आणि विमानातून बघणाऱ्याला दाटीच कायमची वाटेल. दीर्घिकेत दाटीच्या जागी वायू दाबला जातो, तारे जन्मतात, आणि त्यांतले सर्वांत तेजस्वी निळे तारे भुजेबाहेर पडण्याआधीच जळून संपतात. म्हणून भुजा उजळ दिसते. दोन भुजांमधल्या अंधारातही तारे आहेतच, फक्त ते मंद आहेत. सर्वच दीर्घिकांना ही एकच उपपत्ती लागू पडत नाही. पण एम 51 सारख्या दोन ठसठशीत भुजांच्या दीर्घिकेला, जिला शेजारीण ओढते आहे, ती बरीच जुळते.

अशा नीटस भुजा तयार व्हायला काही अब्ज वर्षे लागत असतील, असे मानले जाई. 2025 मध्ये पुण्याच्या एनसीआरए-टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेबच्या निरीक्षणांत दोन भुजांची एक सर्पिल दीर्घिका सापडली, जिचा प्रकाश विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे असताना निघाला आहे. त्यांनी तिचे नाव अलकनंदा ठेवले. ती आपल्या दुर्बिणीत कधीच येणार नाही. कन्या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका मात्र येतात, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या. तेही थोडे नव्हे. पद्मालयाच्या टेकडीचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्या डागांचा प्रकाश निघाला तेव्हा आपण ज्या खडकावर दुर्बीण टेकवतो तो थंड होऊन कोटभर वर्षे उलटली होती.

आणि दुर्बीण नसेल तरी एक सर्पिल दीर्घिका कुणालाही दिसते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाऊस उघडल्यावर नैऋत्येपासून डोक्यावर चढत गेलेली आकाशगंगा ही आपल्याच दीर्घिकेची तबकडी, आतून आणि कडेवरून दिसणारी. तिच्या मधोमध गेलेली काळी चीर म्हणजे धुळीचे ढग. एम 104 दीर्घिकेच्या मध्यावर 8 इंची दुर्बिणीत दिसणारी काळी रेघही तशाच धुळीची. दोन्ही एकाच वर्षात बघितल्या तर एक दुसरीला समजावून देते.

पुढच्या पानांत दीर्घिका ऋतूप्रमाणे लावल्या आहेत, तेजाप्रमाणे नाही. प्रत्येकीचे वर्णन मुद्दाम त्रोटक ठेवले आहे आणि छायाचित्र एकही छापलेले नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्णनासमोर एक कोरे वर्तुळ आहे. आधी त्यातले तारे ठिपक्यांनी बसवावेत, मग डाग. पेन्सिल मऊ घ्यावी, टूबी चालेल, म्हणजे बोटाने डाग पसरवता येतो. खोडरबर धारदार कापून ठेवावे, अंधाराची खाच त्यानेच निघते. खाली तारीख, वेळ, भिंग, आणि त्या रात्री जळगावचा उजेड किती वर चढला होता ते लिहावे. लहान मुले शेजारी असतील तर त्यांना वेगळे वर्तुळ द्यावे आणि दोन्ही चित्रे पुरी होईपर्यंत एकमेकांची बघू नयेत.